एकल प्रवासी आणि महानगरातील हॉटेलची निवड : शैली, सुरक्षितता व सन्मान

सारांश :

चर्चासत्रे, उजळणी वर्ग, बहिःस्थ परीक्षक म्हणून होणाऱ्या नेमणुका, अभिलेखागारातील संशोधन अशा अनेक कारणांनी महाविद्यालयीन प्राध्यापकास महानगरात एकट्याने मुक्काम करावा लागतो. हा मुक्काम कोठे करावा, याचा निर्णय बहुधा छायाचित्रे आणि भाडे या दोनच गोष्टी पाहून घेतला जातो. प्रस्तुत लेखात एकल प्रवाशाच्या दृष्टीने हॉटेलच्या ‘शैली’चा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हॉटेलची शैली म्हणजे केवळ सजावट नसून, एकट्या माणसाला ते हॉटेल कसे वागविते याचे ते दृश्य रूप आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी हॉटेल-रचनेच्या इतिहासातील काही टप्पे, मुंबई शहराचे उदाहरण आणि निवडीचे व्यावहारिक निकष यांचे विवेचन केले आहे.

सूचक शब्द : एकल प्रवासी, बुटिक हॉटेल, एकल भाडे, सुरक्षितता, मुंबई.

प्रस्तावना :

एम.फिल.च्या संशोधनासाठी प्रस्तुत लेखिकेस मुंबईतील अभिलेखागारात काही दिवस काम करावयाचे होते. रात्री उशिरा शहरात पोहोचल्यावर एका लॉजच्या व्यवस्थापकाने खोली नाकारली. “एकट्या लेडीजना आम्ही रूम देत नाही मॅडम, सोबत कोणी जेन्ट्स असतील तर बघू,” एवढेच कारण त्याने सांगितले. खोल्या रिकाम्या होत्या, ओळखपत्र जवळ होते आणि भाडे आगाऊ देण्याची तयारीही होती. ती रात्र रेल्वे स्थानकावरील महिला प्रतीक्षालयात काढावी लागली.

काही वर्षांनंतर एका राष्ट्रीय चर्चासत्राच्या निमित्ताने एका अत्यंत देखण्या हॉटेलात राहण्याचा योग आला. भिंतीवर आधुनिक चित्रे होती, मंद पिवळा प्रकाश होता, स्नानगृहाची भिंत पूर्णपणे काचेची होती. परंतु लिहिण्यासाठी टेबल नव्हते आणि वाचण्याइतका उजेड खोलीत कोठेही नव्हता. दुसऱ्या दिवशी सादर करावयाचा शोधनिबंध अखेर स्नानगृहातील आरशावरच्या दिव्याखाली उभे राहून वाचावा लागला.

पहिल्या ठिकाणी सन्मान नव्हता आणि दुसऱ्या ठिकाणी सौंदर्य असूनही राहणाऱ्या व्यक्तीचा विचार नव्हता. वरवर पाहता हे दोन अनुभव परस्परविरुद्ध वाटतात. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. त्या दोन्ही ठिकाणी, एकटी येणारी आणि काम करणारी व्यक्ती ही नेहमीची पाहुणी असू शकते, हे गृहीतच धरलेले नव्हते. याच मुद्द्याचा विस्तार पुढील विवेचनात केला आहे.

उद्दिष्टे :

१) हॉटेलच्या खोलीचा इतिहास एकल प्रवाशाच्या दृष्टीने समजून घेणे.
२) ‘शैलीदार’ हॉटेल या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करणे.
३) मुंबईच्या संदर्भात निवासाच्या पर्यायांचा विचार करणे.
४) एकल प्रवाशासाठी निवडीचे व्यावहारिक निकष सुचविणे.

संकल्पना स्पष्टीकरण :

मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द आजही बहुतांशी चहा-नाश्त्याच्या किंवा जेवणाच्या ठिकाणासाठी वापरला जातो. मुक्कामाच्या जागेला आपण ‘लॉज’ म्हणतो, आणि पाटीवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ असे लिहिलेले असते. त्यापूर्वी धर्मशाळा होती, नातेवाइकांचे घर होते आणि ओळखीच्यांचे वसतिगृह होते. या सर्व ठिकाणी पाहुण्याची ओळख कोणाच्या तरी नात्याने, जातीने, गावाने किंवा शिफारशीने ठरत असे. आधुनिक हॉटेलचे वेगळेपण असे, की तेथे कोणत्याही शिफारशीशिवाय, केवळ भाडे देऊन आणि ओळख पटवून, अनोळखी माणसाला दार बंद करता येईल अशी स्वतंत्र जागा मिळते. प्रस्तुत लेखात ‘हॉटेल’ हा शब्द या अर्थाने, तर ‘एकल प्रवासी’ हा शब्द कामासाठी वा पर्यटनासाठी एकट्याने मुक्काम करणाऱ्या स्त्री अथवा पुरुषासाठी योजला आहे.

एकट्याच्या खोलीचा इतिहास :

स्वतंत्र, कुलूपबंद खोली ही आज आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु ती तशी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत युरोप-अमेरिकेतील खाणावळवजा सरायांमध्ये अनोळखी प्रवाशांनी एक खोली, प्रसंगी एक पलंगही वाटून घेणे सर्रास चालत असे. १८२९ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘ट्रेमॉन्ट हाऊस’ हे हॉटेल सुरू झाले. वास्तुकार आयझाया रॉजर्स यांनी रचना केलेल्या या हॉटेलात प्रवाशांना कुलूप असलेल्या स्वतंत्र खोल्या देण्यात आल्या, आणि खोलीत साबणही ठेवलेला असे. हॉटेल-इतिहासाचे अभ्यासक या वास्तूकडे आधुनिक हॉटेलचा प्रारंभ म्हणून पाहतात. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या हॉटेलचे मोठेपण केवळ त्याच्या भव्य दर्शनी भागात नव्हते. एकट्या माणसाच्या हाती किल्ली देणे, ही त्यातील खरी नवी गोष्ट होती.

दुसरा टप्पा १९०८ मधील होय. एल्सवर्थ स्टॅटलर या व्यावसायिकाने अमेरिकेतील बफेलो शहरात उभारलेल्या हॉटेलात प्रत्येक खोलीला स्वतःचे स्नानगृह दिले, आणि भाडे दीड डॉलर ठेवले. दाराजवळच दिव्याचे बटण असणे, यांसारख्या बारीकसारीक सोयींचाही तेथे विचार झाला होता. रात्री अनोळखी खोलीत एकट्याने शिरताना अंधारात चाचपडावे लागू नये, ही गोष्ट किरकोळ वाटली तरी तिच्यामागे पाहुण्याच्या मनःस्थितीचा विचार आहे. फिरत्या विक्रेत्यासारख्या एकट्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवल्यामुळे सर्वच प्रवाशांची सोय झाली.

तिसरा टप्पा जपानमधील आहे. १९७९ मध्ये ओसाका येथे वास्तुकार किशो कुरोकावा यांच्या आराखड्यानुसार पहिले ‘कॅप्सूल हॉटेल’ सुरू झाले. शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदार पुरुषासाठी पेटीएवढी झोपण्याची जागा, असे त्याचे स्वरूप होते. भारतीय रेल्वेने ही कल्पना नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर आणली. तेथील ४८ कक्षांमध्ये महिलांसाठी वेगळा विभाग ठेवण्यात आला, हा मूळ कल्पनेतील महत्त्वाचा बदल म्हणावा लागेल.

एकट्या स्त्रीचा प्रश्न :

वरील टप्पे मुख्यतः पुरुष प्रवाशाच्या सोयीचे होते. एकट्या स्त्रीला हॉटेलचे दार उघडण्यास अधिक काळ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील अनेक उपाहारगृहे सायंकाळनंतर पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीला प्रवेश देत नसत. मताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या हॅरिएट स्टँटन ब्लॅच यांना १९०७ मध्ये तेथील एका हॉटेलच्या उपाहारगृहात याच कारणाने जेवण नाकारण्यात आले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, परंतु त्यांना यश आले नाही.

यावर उपाय म्हणून केवळ स्त्रियांसाठी हॉटेले निघाली. न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली ‘मार्था वॉशिंग्टन’ आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘बार्बिझॉन’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. बार्बिझॉन हे त्या काळातील अतिशय रुबाबदार हॉटेल मानले जाई. नोकरी, अभिनय किंवा लेखन करण्यासाठी शहरात एकट्याने येणाऱ्या तरुणी तेथे राहत. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना हे हॉटेल सिल्व्हिया प्लाथ यांच्या ‘द बेल जार’ (१९६३) या कादंबरीमुळे परिचित असेल. प्लाथ १९५३ मध्ये तेथे राहिल्या होत्या आणि कादंबरीत ते ‘अ‍ॅमेझॉन’ या नावाने येते. तेथे प्रवेश मिळविण्यासाठी शिफारसपत्रे द्यावी लागत आणि पुरुषांना राहण्याच्या मजल्यांवर जाण्यास मनाई होती. पुरुषांना पाहुणे म्हणून तेथे १९८१ मध्येच प्रवेश मिळाला.

या उदाहरणातून एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो. संरक्षण आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाराला मजबूत कडी असणे हे संरक्षण होय, तर “कोठे चालला, कोणाला भेटणार, कधी परत येणार” असे विचारणे ही पाळत होय. आपल्याकडेही काही मोठ्या हॉटेलांनी एकट्या स्त्री प्रवाशांसाठी विशेष व्यवस्था केल्या आहेत. आयटीसी समूहाच्या हॉटेलांतील ‘ईव्हा’ या नावाच्या, महिला कर्मचारी सेवेस असलेल्या खोल्या हे त्याचे उदाहरण आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिला-केंद्रित पर्यटन धोरण स्वीकारले. असे उपक्रम स्वागतार्ह आहेत. मात्र स्वतंत्र मजला असो वा नसो, हॉटेलातील प्रत्येक खोली एकट्या स्त्रीला सुरक्षित वाटावी, हेच अंतिम उद्दिष्ट असले पाहिजे.

शैली म्हणजे काय ?

शैलीदार छोट्या हॉटेलांना आज ‘बुटिक हॉटेल’ असे म्हटले जाते. १९७८ मध्ये लंडनमध्ये अनुष्का हेम्पेल यांनी सुरू केलेले ‘ब्लेक्स’ आणि १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इयान श्रेगर व स्टीव्ह रुबेल यांनी सुरू केलेले ‘मॉर्गन्स’ ही या प्रकाराची आरंभीची उदाहरणे म्हणून सांगितली जातात. मॉर्गन्सची अंतर्गत सजावट आंद्रे प्युतमाँ या फ्रेंच रचनाकार स्त्रीने केली होती. हे हॉटेल २०१७ मध्ये बंद झाले, पण त्यातून रूढ झालेली एक कल्पना टिकून राहिली. ती म्हणजे हॉटेलची लॉबी ही केवळ किल्ली घेण्याची जागा नसून बसण्याची, वाचण्याची, लोकांना पाहण्याची जागा आहे, ही होय. कुटुंबासह आलेल्या पाहुण्याला लॉबीची फारशी गरज नसते, कारण त्याची सोबत त्याच्या खोलीतच असते. एकल प्रवाशाला मात्र सायंकाळी चार भिंतींबाहेर, तरीही रस्त्यावर नव्हे, अशी मधली जागा हवी असते. कोणाशी बोलण्याची सक्ती नाही आणि एकटेपणाही नाही, अशी ही जागा असते. चांगल्या शैलीदार हॉटेलचे हे सर्वांत मोठे देणे होय.

याउलट, शैलीच्या नावाखाली काही दोषही रूढ झाले आहेत. स्नानगृहाच्या काचेच्या भिंती, अंधाऱ्या मार्गिका, टेबलाऐवजी केवळ पलंग, दिव्यांची न समजणारी बटणे आणि गच्चीवरील मध्यरात्रीपर्यंतचे संगीत ही त्याची लक्षणे होत. अशी हॉटेले छायाचित्रात सुंदर दिसतात, कारण ती छायाचित्रासाठीच रचलेली असतात.

तारांकित वर्गीकरण हेही या बाबतीत पुरेसे मार्गदर्शक नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या योजनेनुसार हॉटेलांना एक ते पाच तारे, तसेच पंचतारांकित डिलक्स आणि हेरिटेज असे दर्जे दिले जातात. परंतु ही योजना ऐच्छिक आहे. अनेक चांगली छोटी हॉटेले तिच्यात सहभागीच होत नाहीत. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर दिसणारे तारे पुष्कळदा त्या संकेतस्थळांनी स्वतः ठरविलेले असतात. शिवाय तारे हे सुविधांचे मोजमाप आहे. एकट्या पाहुण्याला भोजनगृहात कोठे बसविले जाते, हे त्यातून कळत नाही.

मुंबईचे उदाहरण :

महाराष्ट्रातील बहुतेक प्राध्यापकांना कधी ना कधी मुंबईत मुक्काम करावा लागतो. म्हणून हे शहर उदाहरणादाखल घेतले आहे. मुंबईच्या हॉटेल-परंपरेचा इतिहास मोठा आहे. काळा घोडा परिसरातील ‘वॉटसन्स हॉटेल’ची इमारत १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी राहिली. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिए बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला. पुढे हॉटेल बंद पडले आणि ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने ती इमारत जीर्णावस्थेत उरली. १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलच्या मूळ आराखड्याशी सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुतज्ज्ञाचे नाव निगडित आहे. ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह परिसरातील आर्ट डेको शैलीच्या इमारतींचा, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह, २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तात्पर्य, मुंबईत शैलीचा शोध घेणाऱ्या प्रवाशाने केवळ नव्या काचेच्या इमारतींकडेच पाहावे असे नाही. जुन्या इमारतीतील उंच छताची, मोठ्या खिडकीची खोली हीसुद्धा शैलीच होय.

तथापि शैलीपूर्वी ठिकाणाचा विचार करावा लागतो. त्या दृष्टीने मुंबईचे स्थूलमानाने तीन विभाग करता येतील.

अ) फोर्ट, काळा घोडा, कुलाबा व चर्चगेट : एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य अभिलेखागार, एशियाटिक सोसायटी, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि मुंबई विद्यापीठाचे फोर्ट संकुल ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. संशोधकाला याहून सोयीचा परिसर नाही. मात्र फोर्टच्या कार्यालयीन गल्ल्या रात्री आठनंतर आणि रविवारी ओस पडतात. त्यामुळे आतल्या गल्लीपेक्षा मुख्य रस्त्यावरील हॉटेल अधिक योग्य ठरते. कुलाब्याचा मुख्य रस्ता उशिरापर्यंत जागा असतो.

आ) वांद्रे व वांद्रे-कुर्ला संकुल : मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील विद्यानगरी संकुलात काम असल्यास हा परिसर जवळचा आहे. वांद्रे पश्चिमेला एकट्याने फिरणे, जेवणे सहज जमते. संकुलाचा भाग मात्र कार्यालयांचा असून तेथील हॉटेलांचे भाडे अधिक असते. सायंकाळनंतर तेथे पायी फिरण्याजोगे फारसे काही उरत नाही.

इ) अंधेरी पूर्व व विमानतळ परिसर : पहाटेचे विमान असल्यास हा पर्याय योग्य होय. अन्यथा वाहतुकीतच वेळ जातो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही मेट्रो मार्गिका ३ पूर्णपणे सुरू झाल्यामुळे विमानतळ, वांद्रे-कुर्ला संकुल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक आणि चर्चगेट हे सर्व एका मार्गावर आले आहेत. त्यामुळे हॉटेल अमुक ठिकाणापासून किती किलोमीटरवर आहे यापेक्षा, स्थानकापासून रात्री नऊ वाजता किती मिनिटे आणि कोणत्या रस्त्याने चालावे लागेल, हा प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

निवडीचे निकष :

वरील विवेचनाच्या आधारे एकल प्रवाशासाठी पुढील निकष सुचविता येतील.

१) दार : दाराला आतून लावता येणारा बोल्ट किंवा साखळी आणि बाहेरचे पाहता येईल असे भिंग आहे काय, हे खोलीत शिरताच पाहावे. शेजारच्या खोलीत उघडणारे जोडदार असल्यास खोली बदलून मागावी. तळमजल्यावरील व मार्गिकेच्या अगदी टोकाची खोली शक्यतो टाळावी.

२) स्वागतकक्ष : खोलीचा क्रमांक मोठ्याने न उच्चारता कागदावर लिहून देणे, ही चांगल्या हॉटेलची खूण आहे. क्रमांक मोठ्याने सांगितला गेल्यास खोली बदलून मागण्यात संकोच करू नये. स्वागतकक्षात रात्रभर माणूस असतो काय, याची चौकशी आधीच करावी.

३) आगीपासून सुरक्षितता : फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या करोल बागेतील एका हॉटेलला लागलेल्या आगीत १७ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी मार्गिकांतील लाकडी सजावटीमुळे आग पसरल्याचे सांगण्यात आले. सजावट आणि सुरक्षितता यांचा संबंध किती जवळचा आहे, हे या दुर्घटनेवरून दिसून येते. एकट्या माणसाला धोक्याच्या वेळी उठवणारे सोबत कोणी नसते. म्हणून सामान ठेवताच दुसरा जिना कोठे आहे, त्याचे दार उघडते काय आणि आपल्या दारापासून तेथवर किती दारे आहेत, हे स्वतः चालत जाऊन मोजावे. खिडकी उघडते काय, हेही पाहावे.

४) प्रवेशद्वारावरील तपासणी : २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मोठ्या हॉटेलांच्या दारात धातुशोधक यंत्रे व सामानाची तपासणी रूढ झाली. तिची आवश्यकता वादातीत आहे. परंतु दारावरील तपासणी म्हणजे खोलीची सुरक्षितता नव्हे. लिफ्ट चालविण्यासाठी खोलीचे कार्ड लागते काय, हा प्रश्न एकल प्रवाशासाठी तितकाच महत्त्वाचा आहे.

५) काम आणि वाचन : लिहिण्याचे टेबल, सरळ पाठीची खुर्ची, वाचण्याजोगा दिवा आणि पलंगाजवळ विजेची जोडणी या चार गोष्टी प्राध्यापकाला लागतातच. संकेतस्थळावरील छायाचित्रे विस्तृत कोनाच्या भिंगाने काढलेली असल्यामुळे खोली मोठी भासते. म्हणून क्षेत्रफळ चौरस फुटांत विचारावे आणि पाहुण्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे पाहावीत.

६) एकट्याचे जेवण : भोजनगृहात एकट्या पाहुण्याला स्वयंपाकघराच्या दाराशी बसविले जाते की खिडकीपाशी, यावरून त्या हॉटेलचे मन कळते. लांब सामाईक टेबल किंवा उंच खुर्च्यांचा कट्टा असल्यास एकट्याला अवघडल्यासारखे होत नाही. जवळपास इराणी किंवा उडुपी उपाहारगृह असेल तर हॉटेलात महाग न्याहारी घेण्याचे कारण उरत नाही.

७) अभिप्रायांचे वाचन : सरासरी गुणांपेक्षा एकट्याने राहिलेल्या प्रवाशांचे गेल्या काही महिन्यांतील अभिप्राय वाचावेत. “उत्तम”, “छान” अशा विशेषणांना फारसा अर्थ नसतो. “रात्री अकराला पोहोचले तेव्हा दार बंद होते” असे एक वाक्य अधिक काही सांगून जाते.

८) दूरध्वनी : आरक्षणापूर्वी हॉटेलात थेट दूरध्वनी करावा आणि “मी एकटी येणार आहे, रात्री उशीर होईल” असे स्पष्ट सांगावे. उत्तरापेक्षा उत्तराचा सूर लक्षात घ्यावा. “हो मॅडम, गाडीचा क्रमांक कळवा, आम्ही जागे असतो,” असे सांगणारे हॉटेल आणि “सोबत कोण आहे ?” असे प्रथम विचारणारे हॉटेल यांत निवड करणे अवघड नाही.

खर्चाचा विचार :

हॉटेलचे भाडे सामान्यतः दोन व्यक्तींच्या हिशेबाने ठरविलेले असते. सहा हजार रुपयांची खोली दोघांत वाटली तर प्रत्येकी तीन हजार रुपये पडतात. एकट्याला मात्र पूर्ण सहा हजार द्यावे लागतात. म्हणून एका व्यक्तीसाठीचे, म्हणजे ‘सिंगल ऑक्युपन्सी’चे, भाडे वेगळे विचारावे. काही हॉटेले ते कमी करतात, तर काही त्याच भाड्यात न्याहारी देतात.

वस्तू व सेवा कराचाही विचार आवश्यक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्याहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के कर आहे. त्यामुळे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना, तर ७,६०० रुपयांची खोली ८,९६८ रुपयांना पडते. म्हणजे मूळ भाड्यातील २०० रुपयांचा फरक प्रत्यक्षात १,१९८ रुपयांचा होतो. ही सीमारेषा ध्यानात ठेवून आरक्षण केल्यास तेवढ्याच खर्चात अधिक चांगले ठिकाण निवडता येते. प्रवासभत्त्यासाठी करासहित छापील बिल आपल्या नावे मागून घ्यावे.

खोली ताब्यात मिळण्याची वेळ हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा आहे. विदर्भ वा मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने येणारा प्राध्यापक सकाळीच मुंबईत उतरतो आणि बहुतेक हॉटेले खोली दुपारी देतात. सकाळी लवकर खोली मिळेल काय, निदान सामान ठेवून स्नान करता येईल काय, हे आधी ठरवून घ्यावे. अवघ्या काही तासांचाच प्रश्न असेल तर रेल्वे स्थानकावरील विश्रामकक्ष किंवा पॉड हा स्वस्त आणि पुरेसा पर्याय ठरतो.

कायदेशीर बाजू :

हॉटेलला पाहुण्याची ओळख पटविण्याचा व नोंद ठेवण्याचा अधिकार आहे, नव्हे ते त्याचे कर्तव्य आहे. त्यामुळे छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र जवळ बाळगणे प्रवाशाचेही कर्तव्य ठरते. परंतु एकट्या स्त्रीला खोली देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. उलट भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेशाबाबत केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून नागरिकावर निर्बंध घालता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. हॉटेलचा उल्लेख संविधानात नाव घेऊन केला गेला, यामागे मोठा सामाजिक इतिहास आहे. ज्या समाजात पाणवठा आणि पंगत जातीने ठरत होती, तेथे पैसे देऊन मिळणाऱ्या खोलीचे दारही आपोआप सर्वांना उघडणार नव्हते. या तरतुदीची माहिती असणे, ती विद्यार्थिनींना सांगणे आणि नकार मिळाल्यास कारण लेखी मागणे, एवढे तरी प्रत्येक शिक्षकाला शक्य आहे.

निष्कर्ष :

१) हॉटेलची शैली ही केवळ सजावटीची बाब नाही. कुलूप, दिवा, लॉबी आणि जेवणाचे टेबल यांतून व्यक्त होणारा पाहुण्याविषयीचा विचार म्हणजे शैली होय.

२) आधुनिक हॉटेलच्या इतिहासातील अनेक महत्त्वाच्या सुधारणा एकट्या प्रवाशाच्या गरजेतून झाल्या आणि नंतर त्या सर्वांच्या उपयोगी पडल्या.

३) तारे, छायाचित्रे व सरासरी गुण हे एकल प्रवाशासाठी अपुरे मार्गदर्शक आहेत. ठिकाण, दार, दुसरा जिना आणि दूरध्वनीवरील सूर हे अधिक विश्वसनीय निकष आहेत.

४) संरक्षण आणि पाळत यांतील भेद हॉटेल व्यावसायिकांनी व प्रवाशांनीही ओळखला पाहिजे.

५) चर्चासत्र आयोजित करणाऱ्या महाविद्यालयांनी निवासाची व्यवस्था करताना वरील निकष लक्षात घ्यावेत. बाहेरगावाहून एकट्या येणाऱ्या अध्यापिकेस कोठे उतरविले जाते, हाही आपल्या आतिथ्याचाच भाग आहे.

समारोप :

प्रस्तुत लेखिका आजही अभिलेखागारातील कामासाठी मुंबईला जाते. फोर्टमधील एका जुन्या इमारतीतील छोट्या हॉटेलात तिचा मुक्काम असतो. खोली लहान आहे आणि भिंतीवर एकही चित्र नाही. पण खिडकीशी टेबल आहे, टेबलावर चांगला दिवा आहे आणि दाराला आतून पितळी कडी आहे. पहिल्या भेटीत तेथील व्यवस्थापकांनी सोबत कोण आहे असे विचारले नाही. सकाळी चहा किती वाजता पाठवू, एवढेच विचारले.